पान ओ देतंय का?

बाईंना हाक मारायची तर तीनदा मारावी लागे. पहिलीला त्या ढिम्म. दुसरीला मान किंचित तिरकी व्हायची, ऐकू आल्याची खूण म्हणून, पण तोंड बंद. तिसरीला मात्र अशी खणखणीत "ओ" यायची की खालच्या गाळ्यातला वेल्डिंगवालाही मान वर करायचा. कंपनीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात वाटायचं बाई बहिऱ्या आहेत, दुसऱ्या आठवड्यात वाटायचं गर्विष्ठ आहेत, आणि तिसऱ्या आठवड्यात तो शहाणा होऊन "बाई-बाई-बाई" असं एका दमात म्हणून मोकळा व्हायचा. ते मात्र चालत नसे.

"तीन येगळ्या हाका पायजेत," बाई सांगायच्या. "मधी दम घ्यावा. दम घेतंय ते माणूस."

हे ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. मी आष्ट्याची, जिभेला हाड नसलेली. पुण्यातली नोकरी सोडून एकतिसाव्या वर्षी साताऱ्याला आले होते, आणि औद्योगिक वसाहतीतल्या या माडीवरच्या अकरा माणसांच्या कंपनीत मला मोठं काही शिकायला मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. आम्ही वेबसाइटी करायचो. पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालयं, तासगावचे बेदाणा व्यापारी. मालक लष्करातून निवृत्त झालेले, संदेशवहनाच्या सिग्नल विभागातले. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. ऑफिसातल्या बाकी सगळ्या बायका मॅडम, बाई तेवढ्या बाई. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, कपाळाला भंडारा, मनगटाला काळ्या लोकरीचा दोरा आणि पायात धनगरी वहाणा, त्यांच्या कर्रकर्र आवाजावरून जिन्यात कोण आहे ते कळायचं. जतच्या पूर्वेला कुठंतरी त्यांचं गाव. बापाची मेंढरं. संगणक त्या सांगलीच्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकल्या होत्या, आणि पुण्यात मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकल्या होत्या, हे मला महिन्याभरात कबूल करावं लागलं.

त्यांच्या डब्यात भाकरीवर कोळशाचा खडा असायचा. घरातून अन्न बाहेर काढलं की त्याच्यामागं काय काय लागतं, म्हणून. मी एकदा तो खडा उचलून बाजूला ठेवला, तर बाईंनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. रागावल्या नाहीत. नुसता डबा बंद केला आणि खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडं बघत बसल्या. दारावर टकटक झाली की "कोण हाय?" असं विचारायच्या नाहीत. "कोण म्हणून इचारलं की ते नाव सांगतंय," म्हणायच्या, "आन् नाव काय, कुणाचंबी सांगता येतं." अनोळखी माणसाचा ईमेल मोठ्यानं वाचायची त्यांच्या टेबलाजवळ बंदी होती. त्या स्वतः ओठ घट्ट मिटून वाचायच्या.

आता हे सगळं वेडगळ वाटेल. मलाही वाटायचं. पण त्यांचं कामच असं होतं की त्यात हा वेडगळपणा चपखल बसायचा.

वेबसाइटचं पान म्हणजे एक साचा असतो. त्यात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, इथं नाव, इथं गाव, इथं प्रतिक्रिया. बाहेरचा माणूस चौकटीत जे लिहील ते त्या जागेत जाऊन बसतं. गोची अशी की साधे शब्द कुठले आणि हुकूम कुठला हे पानाला फक्त टोकेरी कंसांवरून कळतं. कंसात लिहिलं की तो हुकूम. मग कुणी नावाच्या चौकटीत नावाऐवजी कंसात हुकूम लिहिला, तर पान बिचारं तो पाळतं. घरच्यानं सांगितलं की बाहेरच्यानं, त्याला काय कळणार? त्यावर उपाय म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातल्या कंसांचं रूप आधी बदलायचं आणि मग छापायचं. कंस दिसतो, पण त्यातला हुकूम मेलेला असतो. याला सगळे एस्केपिंग म्हणतात. बाई मुसकं म्हणायच्या.

"बैलाच्या तोंडाला मुसकं बांधत्यात का न्हाई? बैल रानात फिरतो, काम करतो, पर पिकाला तोंड लावत न्हाई. तसा शब्द पानात येऊ दे, बसू दे. तोंड तेवढं बांधून."

कुठल्याही नव्या पानाची त्या एकाच रीतीनं परीक्षा घ्यायच्या. चौकटीत एक बारकासा हुकूम लिहायचा, की पडद्यावर खिडकी उघड आणि तिच्यात "ओ" असं लिही. पान शहाणं असलं तर तो हुकूम कंसासकट मुकाट छापून गप्प बसे. मुसकं बांधायचं राहिलं असलं तर टप्पकन खिडकी उघडे. नुसतं एक अक्षर, ओ. बाई लगेच पदर डोक्यावरून घ्यायच्या आणि मग ती खिडकी बंद करायच्या. "पान ओ देतंय," त्या हळूच म्हणायच्या. पुढं आमच्या ऑफिसात भोक सापडलं असं कुणी म्हणेनाच. साहेबसुद्धा फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचे, "काळजी करू नका, तुमचं पान आता ओ देत न्हाई."

एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, "बाई, भुताला दोनपर्यंतच आकडे येतात का हो?"

त्यांनी घास खाली ठेवला. चिडतील असं वाटलं होतं. त्या उलट समजावणीच्या सुरात बोलल्या.

"दोनदा हाक मारायचं बळ असतंय त्येला. तिसरीला दम लागतो, आन् दम न्हाई त्येच्याकडं." मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्यानं पयल्या हाकंला ओ दिली."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाईंना एक भाऊ होता. आई लवकर गेली, म्हणून त्यांच्याहून बारा वर्षांनी धाकटा भाऊ बाईंनीच वाढवला. क्लासला जाताना त्याला बरोबर न्यायच्या, तो शेजारच्या स्टुलावर बसून शिकायचा. चोविसाव्या वर्षी तो गेला. रात्री नव्हे, भर दुपारी. पाझर तलावाच्या काठाला मेंढरं बसवली होती, बाई बाभळीखाली भाकरी सोडत होत्या, आणि तळ्यापलीकडून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली.

"लांबलचक हाक. शेवटाला वर चढल्याली. पलीकडं मानूस दिसत न्हवतं, नुसतं ऊन. त्यो म्हणला, ओ. आन् उठून चालाय लागला. मी म्हणलं, आरं कोण हाय बघ तरी. त्यानं मागं बघितलं न्हाई. तळ्याच्या कडंनं गेला, टेकाडावर गेला, टेकाडापलीकडं गेला." बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "त्येला पंधरा वर्सं झाली. मला एवढंच कळलं पायजे, त्यो हाय का न्हाई. दुसरं काय बी नगं."

त्यानंतर मी बाईंना तीन वेगळ्या हाका मारायला लागले. प्रत्येक हाकेमध्ये दम घेऊन.

सांगलीच्या एका छापखानेवाल्यानं चालवलेली बातम्यांची वेबसाइट होती, आणि तिच्यावर "हरवले आहेत" असं एक पान. बाईंनी तिथं भावाचा फोटो फार पूर्वीच दिला होता. खाली प्रतिक्रियांची जागा होती. तिथं दोन प्रतिक्रिया आल्या होत्या, दोन वेगवेगळ्या वर्षी, आणि दोन्ही कोऱ्या. नाव नाही, मजकूर नाही, नुसती तारीख आणि खाली पांढरी जागा. पुढं त्या वेबसाइटची देखभाल आमच्याच कंपनीकडं आली. मी म्हणाले, "बाई, आपल्या हातात आहे सगळं. आत काय साठवलंय ते मी काढून बघू का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. मी एवढा कडक आवाज त्यांचा ऐकला नव्हता. "रिकामी हाक हाय ती. दोनच हायेत. हाक कानावर यावी लागती गं, धुंडाळून काडायची न्हाई. धुंडाळाय गेलं की आपुनच ओ दिल्यासारखं हुतं."

मी ते पान बंद केलं. तेव्हाच बघितलं असतं तर, असं आजही मनात येतं.

आमच्या साच्यांची पद्धत जुनी होती. मुसकं प्रत्येक जागेला आठवणीनं हातानं बांधायला लागायचं. कुणी एखाद्या जागी विसरलं की झालं. बाईंचं म्हणणं होतं की हे उलटं करा. बाहेरून आलेलं सगळं आपोआप बांधलेलं असू दे, आणि जिथं मोकळं सोडायचं तिथंच आठवणीनं सोडा. साहेब तयार नव्हते, कारण जुन्या पानांवर गिऱ्हाइकांनी ठळक अक्षरांसाठी, रंगासाठी आपापले कंस घालून ठेवले होते. सगळं आपोआप बांधलं तर ते कंस उघडे पडणार.

"बांधायचं इसरलं तर घात हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "सोडायचं इसरलं तर नुसतं कुरूप दिसंल. दिसू द्या की कुरूप."

साहेब ऐकेनात. पण मग तासगावच्या एका बेदाणावाल्याच्या पानावर बाईंच्या परीक्षेतली ओळ चुकून तशीच राहिली. बाईंसारख्या बाईंकडून एवढी एकच चूक मी पाहिली. त्या माणसानं परगावच्या चार व्यापाऱ्यांपुढं मोठ्या तोऱ्यात आपलं पान उघडलं आणि पडद्यावर खिडकी आली. त्याचा फोन साहेबांनी स्पीकरवर घेतला होता.

"साहेब, आमची वेबसाइट ओ देतीया."

"मग?"

"मग काय मग? आमी हाक मारलीच न्हाई की तिला!"

आम्ही हसून लोळलो. बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी साहेबांनी हात टेकले आणि म्हणाले, "करा बाई, तुमचं आपोआप मुसकं करून टाका. ऑर्डर समजा."

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला बाईंनी ते बदललं. म्हणायला एका शब्दाचा बदल. लगेच फोन वाजायला लागले. मंगल कार्यालयाच्या पानावर "शुभविवाह"च्या दोन्ही बाजूंना कंस उगवले. एका शाळेच्या पानावर मुख्याध्यापकांच्या नावामागं लाल रंगाचा हुकूम उघडा पडला. पानांच्या पोटातलं सगळं वर आलं होतं. मला साहेबांनी एकेक पान तपासायला बसवलं. सांगलीच्या वेबसाइटवर पोचेपर्यंत दोन वाजले असतील.

"हरवले आहेत" उघडलं. बाईंच्या भावाचा फोटो, खाली प्रतिक्रिया. त्या आता कोऱ्या नव्हत्या.

हे कसं झालं ते सांगायला हवं. साचा लिहिणाऱ्याला स्वतःसाठी टिपण करून ठेवायचं असलं, तर एक वेगळ्या धाटणीचा कंस असतो. त्यात लिहिलेलं पान पोटात ठेवतं, पण दाखवत नाही. तो कंस मी इथं काढून दाखवत नाही. कुठल्या पानानं गिळला तर पंचाईत. कुणीतरी त्या कंसात लिहून प्रतिक्रिया पाठवल्या होत्या. इतकी वर्षं पानानं त्या मुकाट पोटात ठेवल्या. मुसकं बांधल्यावर कंसाचा हुकूम मेला आणि आतली अक्षरं जगाला दिसायला लागली. पहिल्यात होतं, "अक्का, मी हाय." दुसऱ्यात होतं, "अक्का, वाचतीस का? ओ दे."

मी "बाई!" म्हणून एकदाच ओरडले, आणि बाई पहिल्या हाकेला उठल्या. त्यानंही मला भीती वाटली.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. पडद्याला बोट लावलं, काढलं. मग म्हणाल्या, "क्लासात त्यो असंच लिवायचा. सरांना दिसू नये म्हणून कंसात. अक्का, भूक लागली. अक्का, घरी चल. मी पानाचं पोट उघडून वाचायची." खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दोन हायेत."

"बाई, तुमचाच भाऊ आहे हा. दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार कंसाचं?"

"त्येच्या आत काय शिरलंय, त्येलाबी ठावं असंल." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "तिसरी आली पायजे."

आणि बाई तिसरीची वाट बघायला लागल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. डबा उघडला नाही. पान ताजं करायचं बटण दर चार-पाच मिनिटांनी दाबायच्या, आणि दाबण्याआधी दर वेळी पदर सारखा करायच्या. गिऱ्हाइकांचा ओरडा वाढत होता. साहेबांनी बुधवारी संध्याकाळी सांगितलं, "बाई, सॉरी. शुक्रवारी सकाळी सगळं पूर्वीसारखं करायचं. बहुत हो गया." म्हणजे शुक्रवारनंतर कंस पुन्हा मिटणार, पान पुन्हा कोरं दिसणार, आणि तिसरी हाक आली तरी बाईंना कधी दिसणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. फक्त ओठ घट्ट मिटले, अनोळखी ईमेल वाचताना मिटायच्या तसे.

मला ते बघवलं नाही. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. मला वाटलं, हे किती सोपं आहे. भाऊ जिवंत आहे हे मला दिसत होतं, आणि या हुशार बाई एका आकड्यावर अडून बसल्या होत्या. आपण शहाण्या, आपण तो आकडा भरून टाकू. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी खाली चहाच्या टपरीमागं गेले आणि फोनवरून ते पान उघडलं. नावाची जागा रिकामी ठेवली. त्याच कंसात लिहिलं, "अक्का, ओ दे." आणि पाठवून दिलं.

वर आले तेव्हा बाई उभ्या होत्या. पडद्याकडं बघून त्यांनी बोटांवर मोजलं, एक, दोन, तीन. मग खाली बसून उत्तराच्या चौकटीत एकच अक्षर लिहिलं. ओ. खाली लिहिलं, कुठं हायस? त्या रडत होत्या, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून स्वतःवर खूश होत होते.

माझी कल्पना अशी की बाईंचं समाधान होईल आणि गोष्ट तिथं संपेल. पण शुक्रवारी सकाळी त्यांच्या "ओ"च्या खाली उत्तर आलेलं होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं. त्याच कंसात अथणीच्या पुढच्या एका वस्तीचं नाव, कुठल्या फाट्यावर उतरायचं ते, आणि "ये." बाई तोपर्यंत स्टँडवर पोचल्या होत्या. साहेबांचा शुक्रवारही राहून गेला, कारण तो एक शब्द नेमका कुठं बदललाय ते बाईंशिवाय कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मी त्येच्या दारात हाय."

"भेटला? बाई, भेटला ना?"

"त्येच्यासारखा दिसतोय. केसं पिकल्यात. म्हणतोय, तळ्यापलीकडनं हिनंच हाक मारली हुती, तिच्यासंगं पळून आलो, बा नं जित्ता ठेवला नसता म्हणून गप बसलो. तीच बायकू हाय म्हणं. रोज रातच्याला पान बघत हुतो म्हणतोय. अक्काला कंसातलं वाचता येतं, तरी अक्का ओ देत न्हाई, म्हणून दोन हाका मारल्या आन् सोडून दिलं." मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "दोनच मारल्या म्हणतोय. तिसरी माझी न्हवं, मलाच नवल वाटलं म्हणतोय."

तेवढ्यात फोनमधून, बाईंच्या मागून, कुणा बाईची हाक आली. कुणाला तरी नावानं. लांबलचक, शेवटाला वर चढलेली.

"ऐकलीस?" बाई कुजबुजल्या. "तीच हाय. पंदरा वर्सामागची. आतनं मारतीया, आन् दारात ह्यो उभा हाय. दोनच हाका मारणारं काय असतंय तुला ठावं हाय. पोरी, तू तिथं लॉग बघ, कुठनं काय आलं त्येची नोंद असती. तिसरी कुणी मारली? मानसानं मारली का बघ. मानसानं मारली असंल तर ह्यो खरं बोलतोय, मी आत जाते."

दोन शब्द सांगायचे होते. मी मारली. पण गिऱ्हाइकाच्या पानावर खोटा मजकूर घातला म्हणून नोकरी जाईल, हे माझ्या डोक्यात आलं. आणि त्याहून मोठं, बाईंच्या रडण्यावर हात फिरवत उभी राहिलेली मी मला आठवले, आणि लाज वाटली. मी उगाच चार बटणं दाबली, तिकडं आवाज जावा म्हणून.

"लॉगमध्ये काहीच दिसत नाही, बाई," मी म्हणाले.

फोन बंद झाला.

सोमवारी बाई कामावर हजर. कपाळावरचा भंडारा जास्तच ठसठशीत. भाऊ भेटला का असं साहेबांनी विचारलं, तर "न्हाई" म्हणाल्या. त्या आठवड्यात बाईंनी कुणालाच ओ दिली नाही. तिसऱ्या हाकेला नाही, पाचव्याला नाही. जवळ जाऊन समोर उभं राहिलं तरच मान वर करायच्या, आणि आधी आपल्या पायांकडं बघायच्या, मग तोंडाकडं. बटणांचा आवाज सोडला तर त्यांच्या कोपऱ्यातून काही येत नसे. जिन्यात वहाणांचा कर्रकर्र आवाजही येईनासा झाला. त्या अनवाणी यायला लागल्या होत्या. "आपुन कुठं हाय ते कशाला कळू द्यायचं," म्हणाल्या. मी दर दिवशी ठरवायचे, आज सांगते. दर दिवशी घरी जायचे.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. बाई आता अथणीकडं असतात. तिथून काम पाठवतात, साहेब त्यांना पगार पाठवतात, आणि आमची सगळी पानं आजही आपोआप बांधलेलीच असतात. मी ती नोकरी नंतर सोडली. बाईंचा माझ्याशी संबंध राहिला नाही, आणि तो नाही म्हणून मी कुणाला बोल लावू शकत नाही. पण मला विसरता येत नाही ती त्या आठवड्यातली शुक्रवारची दुपार.

त्या दुपारी मी "हरवले आहेत" उघडलं. नवी प्रतिक्रिया होती. या वेळी कंस नव्हते, आणि नावाच्या जागेत त्याचं पुरं नाव होतं, बापाच्या नावासकट. सगळ्या जिल्ह्यानं वाचावं असं उघडं लिहिलं होतं, "अक्का, दारातनं माघारी का गेलीस? ही भाकरतुकडा आन् पाणी घिऊन ओवाळाय उभी हुती."

मी उठले. बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"बाई, तिसरी हाक मी मारली होती. माझ्या फोनवरून. गेल्या आठवड्यात गुरुवारी, खाली टपरीमागून."

त्यांना कळायला वेळ लागला. "तू?"

"मी."

"मानसानं मारली म्हंजी."

"हो बाई. मी खोटं बोलले. मला लॉग बघायची गरजच नव्हती."

त्यांनी माझा हात धरला. रागानं नव्हे, हात खरा आहे का बघावं तसा, मनगटापासून बोटांपर्यंत चाचपून बघितला. त्यांचे हात थंडगार होते.

"मग दारात उभा हुता त्यो माझा भाऊच हुता," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"त्यानं हात फुडं केला हुता गं," बाई म्हणाल्या. "मी मागं सरले."